गुडघ्याची दुसरी शस्त्रक्रिया कोण ठरवतं?



ज्या क्रीडाशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर मुलांना मैदानावर आणलं. त्यांच्या नावानं उभ्या असलेल्या व्यासपीठावरून एखाद्या अस्थिरोगतज्ज्ञानं 'मुलांनो, खेळू नका' असं सांगणं शोभणार नाही, आणि मला तसं सांगायचंही नाही. मला बोलायचं आहे ते गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया होऊन मैदानावर परतणाऱ्या मुलामुलींविषयी. त्यांतली काही वर्ष-दोन वर्षांत पुन्हा ऑपरेशन टेबलावर का येतात, आणि ते टाळणं कुणाच्या हातात आहे, हा आजचा प्रश्न.

'एसीएल' हा शब्द आता गावोगावी पोचला आहे. कबड्डीच्या मॅटभोवतीच्या गर्दीत 'त्याचा एसीएल गेलाय' हे वाक्य सहज कानावर पडतं. हा गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगीचं हाड तिरकं जोडणारा, जेमतेम तीन सेंटिमीटर लांबीचा अस्थिबंध. नडगीचं हाड पुढे सरकू द्यायचं नाही आणि गुडघ्याला पिळा बसू द्यायचा नाही, ही त्याची कामं. चढाईपटू मध्यरेषेकडे परत वळतो, पाऊल मॅटवर रुततं, धड फिरतं, गुडघा आत झुकतो आणि अस्थिबंध तुटतो. खो-खोत एकाएकी दिशा बदलताना किंवा बास्केटबॉलमध्ये उडी मारून उतरताना हेच घडतं. बहुतेक वेळा कुणी धक्काही दिलेला नसतो. आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे: घसरत्या दुचाकीला सावरायला टेकवलेला पाय. 'कट्' असा आवाज येतो, गुडघा सुजतो. मालिश, लेप, पट्टी चालते. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, चालता येतं, सगळ्यांना हायसं वाटतं. मग एके दिवशी वळताना गुडघा निसटतो.

फाटलेला एसीएल नुसता टाके घालून भरवशानं जुळत नाही, हे शल्यविशारदांना फार पूर्वी कळून चुकलं. म्हणून नवा अस्थिबंध घडवायचा. ब्रिस्टलच्या हे ग्रोव्हज यांनी १९१७ साली मांडीच्या बाहेरच्या बाजूची पट्टी वापरून अशी पुनर्रचना प्रसिद्ध केली. आज हे काम दुर्बिणीतून होतं. मांडीमागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूंच्या दोऱ्या, वाटीखालचा पट्टा किंवा वाटीवरचा पट्टा रुग्णाच्याच शरीरातून घ्यायचा, दोन्ही हाडांत बोगदे पाडायचे, त्यांतून तो ओवायचा आणि स्क्रूनं किंवा बटणानं पक्का करायचा. या नव्या अस्थिबंधाला आम्ही ग्राफ्ट म्हणतो. एक-दोन दिवसांत मुलगा घरी जातो. नातेवाईक पेढे घेऊन येतात. उपचार संपले असं घरच्यांना वाटतं आणि अडचणीची सुरुवात इथेच होते.

आधी आकडे पाहू. या शस्त्रक्रियांची देशव्यापी नोंदवही नॉर्वेनं २००४ साली सुरू केली. डेन्मार्क आणि स्वीडन पुढच्याच वर्षी तिच्या वाटेनं गेले. अमेरिकेत 'मून' या नावानं ओळखल्या जाणाऱ्या बहुकेंद्री गटानं आपले रुग्ण सहा वर्षं पाठपुराव्यात ठेवले. त्यांपैकी सुमारे १९ टक्क्यांच्या त्याच गुडघ्यावर सहा वर्षांत कसली ना कसली पुन्हा शस्त्रक्रिया झाली. ग्राफ्टच नव्यानं घालावा लागला असे मात्र ८ टक्क्यांहून थोडे कमी. उरलेल्यांना टेबलावर आणलं ते गुडघ्यातल्या गादीनं, कूर्चेनं किंवा सांध्याच्या आखडण्यानं. म्हणजे ग्राफ्ट शाबूत राहिला तरी गुडघा सुटला असं होत नाही. २०१६ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला आणखी एक आकडा ध्यानात ठेवा. शस्त्रक्रियेनंतर सुमारे १५ टक्के रुग्णांचा एसीएल पुन्हा फाटतो. एकूण रुग्णांपैकी ७ टक्क्यांचा त्याच गुडघ्यातला, तर ८ टक्क्यांचा दुसऱ्या, म्हणजे तोवर धड असलेल्या गुडघ्यातला. वय पंचविशीच्या आत आणि रुग्ण पुन्हा खेळात उतरलेला असेल, तर हाच आकडा २३ टक्क्यांवर जातो. जवळपास चारातला एक.

या धोक्यामागची कारणं मी तीन ढिगांत मांडतो: रुग्ण सोबत घेऊन येतो ती, सर्जनच्या हातची, आणि घर, शाळा, संघ यांच्या हातची. आपलं लक्ष पहिल्या दोन ढिगांवर खिळलेलं असतं. माझा आग्रह तिसऱ्याकडे पाहण्याचा आहे.

पहिल्या ढिगात सगळ्यांत ठळक आहे वय. वय दहा वर्षांनी कमी असेल, तर ग्राफ्ट फाटण्याची शक्यता २.३ पट होते असं मून गटाला आढळलं. पण याचा अर्थ काय लावायचा? सतरा वर्षांच्या मुलाची दोरी पंचेचाळिशीतल्या गृहस्थांच्या दोरीपेक्षा कमकुवत असते असं नाही. फरक असा, की ते गृहस्थ शस्त्रक्रियेनंतर सकाळी टेकडीवर फिरायला जातात आणि मुलगा चढाईला जातो. एकाच्या ग्राफ्टला कधी परीक्षेला बसावंच लागत नाही, दुसऱ्याच्या ग्राफ्टची रोज परीक्षा असते. त्यामुळे 'कोवळं वय' या कारणात निसर्ग थोडा आणि मैदान पुष्कळ आहे. वय बदलता येत नाही, पण मैदानावर कधी आणि कशा तयारीनं जायचं हे बदलता येतं. म्हणून पहिल्या ढिगातलं हे सर्वांत मोठं कारण अर्धंअधिक तिसऱ्या ढिगात जमा होतं.

बाकीची कारणं खरोखरच जन्मजात. नडगीच्या हाडाचा माथा सपाट नसतो, मागच्या बाजूला उतरता असतो. हा उतार १२ अंश किंवा त्याहून अधिक असेल, तर उभं राहताना, उतरताना नडगी पुढे घसरू पाहते आणि ग्राफ्टवर सतत ताण येतो. साध्या एक्स-रेवर हा उतार मोजता येतो. एकदा नव्हे, दोनदा ग्राफ्ट गमावलेल्या रुग्णात हाड कापून तो कमी करण्याचा विचार करावा लागतो. काहींचे सांधे मुळातच सैल असतात. अंगठा मनगटाला टेकतो, गुडघा उलटा वाकतो. अशांचा ग्राफ्टही लवकर ताणला जातो.

मुलींविषयी स्वतंत्र सांगायला हवं. सारख्याच खेळात मुलींचा एसीएल पहिल्यांदा फाटण्याचं प्रमाण मुलांच्या दोन-तीनपट तरी आहे. ग्राफ्ट फाटण्यात मात्र दोघांत फारसा फरक दिसत नाही. मग मुलींचे ग्राफ्ट सुरक्षित असतात असं म्हणायचं का? इथे नोंदवहीची मर्यादा लक्षात घ्या. ग्राफ्ट पुन्हा बसवला, तरच तिथे नोंद होते. गुडघा निसटतोय म्हणून जिनं खेळच सोडला, जिन्याला धरून उतरणं अंगवळणी पाडून घेतलं, ती त्या वहीत 'यशस्वी' ठरते. आपल्याकडे मुलीचा गुडघा दुखावला की घरात पहिला सल्ला असतो, 'आता पुरे झालं खेळणं.' पुन्हा शस्त्रक्रिया न होणं आणि गुडघा बरा असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आता दुसरा ढीग, आम्हा सर्जन मंडळींचा. अमेरिकेतल्या 'मार्स' या गटानं फक्त पुन्हा कराव्या लागलेल्या शस्त्रक्रियांचा अभ्यास मांडला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या ४६० रुग्णांत ग्राफ्ट का गेला, याचं उत्तर दुसरी शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जननी दिलं. नवी दुखापत ३२ टक्के, तंत्रातला दोष २४ टक्के, ग्राफ्ट शरीरात न रुजणं ७ टक्के, आणि एकाहून अधिक कारणं एकत्र ३७ टक्के. हा निवाडा दुसऱ्या सर्जननं पहिल्याच्या कामावर दिलेला आहे, हे ध्यानात ठेवून तो वाचावा. तरीही एक गोष्ट वादातीत आहे. तांत्रिक दोषांत मांडीच्या हाडातला बोगदा चुकीच्या जागी पडणं हा दोष सर्वांत मोठा. तिथे काही मिलिमीटर सरकलं तरी ग्राफ्ट उभा बसतो. तो नडगीला पुढे जाण्यापासून अडवतो, पिळ्याला अडवत नाही.

ग्राफ्टची जाडीही मोलाची. हॅमस्ट्रिंगच्या ग्राफ्टचा व्यास ८ मिलिमीटर किंवा त्याहून कमी आणि रुग्ण विशीच्या आतला, ही जोडी धोक्याची आहे हे २०१२ सालच्या एका अभ्यासानं दाखवलं. मृत दात्याकडून घेतलेला ग्राफ्ट तरुण खेळाडूत घातला, तर तो फाटण्याची शक्यता स्वतःच्या ग्राफ्टच्या चौपट, असं मून गटाचं निरीक्षण आहे. गुडघ्यातली गादी काढून टाकली तर नडगीचा मागचा आधार जातो आणि ग्राफ्टवर ओझं वाढतं. म्हणून शिवता येईल तितकी गादी शिवायची. आपल्याकडे इथे एक दुखरी जागा आहे. दुखापत आणि शस्त्रक्रिया यांच्यात पुष्कळदा महिने, कधी वर्षं जातात. या काळात गुडघा जितक्यांदा निसटतो, तितक्यांदा गादीला चिरा पडण्याचा धोका असतो. रुग्ण आमच्यापर्यंत येतो तेव्हा शिवायला काही उरलेलं नसतं. उलट टोकही वाईट. सुजलेल्या, न सरळ होणाऱ्या गुडघ्यावर घाईनं शस्त्रक्रिया केली, तर सांधा आखडतो आणि तो सोडवायला पुन्हा भूल द्यावी लागते.

या ढिगात सुधारणाही होत आहेत. कॅनडा आणि युरोपातल्या केंद्रांनी मिळून केलेल्या 'स्टॅबिलिटी' अभ्यासात १४ ते २५ वयोगटातले, अधिक धोक्याचे ६१८ रुग्ण होते. निम्म्यांना नेहमीचा हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट, निम्म्यांना त्याखेरीज गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूनं आणखी एका पट्टीचा आधार. दोन वर्षांत पहिल्या गटात ११ टक्के ग्राफ्ट फाटले, दुसऱ्यात ४ टक्के. २०२० साली हे निष्कर्ष आल्यापासून तरुण कबड्डीपटूंना हा आधार द्यायचा का, याचा विचार करणं आम्हाला भाग आहे.

आता तिसरा ढीग.

ग्राफ्ट बसवला त्या दिवशी तो जिवंत अस्थिबंध नसतो. त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. लावणी केलेलं भाताचं रोप आधी पिवळं पडतं, मान टाकतं आणि मग चिखलात मूळ धरतं, तसं इथेही घडतं. पहिल्या आठवड्यांत ग्राफ्टमधल्या पेशी मरतात, मग नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी येतात, तंतूंची फेरमांडणी होते. साधारण दीड ते तीन महिन्यांच्या दरम्यान तो फार कच्चा असतो. पुढची घडण वर्षभर, कधी त्याहूनही अधिक चालते. आणि नेमक्या त्या कच्च्या काळात रुग्णाला सर्वांत बरं वाटू लागतं. सूज गेली, दुखणं गेलं, काठी सुटली. मुलगा म्हणतो, 'डॉक्टर, एकदम ओके आहे.' तो खोटं बोलत नाही. ग्राफ्टमध्ये दुखण्याची जाणीवच नीट परतलेली नसते, मग तो तक्रार कसली करणार?

नॉर्वेतलं ऑस्लो आणि अमेरिकेतलं डेलावेअर इथल्या संशोधकांनी १०६ रुग्णांचा दोन वर्षं पाठपुरावा केला. २०१६ साली त्यांनी मांडलेले निष्कर्ष माझ्या मते प्रत्येक क्रीडाशिक्षकाला पाठ हवेत. नवव्या महिन्यापर्यंत मैदानावरचं पुनरागमन जितके महिने लांबवलं, त्या प्रत्येक महिन्यागणिक गुडघ्याला पुन्हा इजा होण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी घटत गेलं. परतण्यापूर्वीच्या चाचण्यांत नापास होऊनही खेळायला गेलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना पुन्हा इजा झाली, उत्तीर्ण होऊन गेलेल्यांपैकी ६ टक्क्यांहून कमी. कतारमध्ये व्यावसायिक खेळाडूंवर झालेल्या अभ्यासातही ठरलेले निकष पूर्ण न करता परतलेल्यांचा ग्राफ्ट फाटण्याचा धोका चौपट निघाला. बोगद्याची जागा किंवा ग्राफ्टचा प्रकार याबाबत आम्ही परिषदांतून तासन्‌तास वाद घालतो. इथे एक साधी चाचणी आणि तीन महिन्यांचा धीर इतका फरक पाडतात.

मग चाचणी असते तरी काय? मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के हवी. एका पायावर लांब उडी, सलग तीन उड्या, रेषेच्या आलटून-पालटून दोन्ही बाजूंना उड्या, आणि सहा मीटर अंतर एका पायावर उड्या मारत कापायला लागणारा वेळ. यांतही ९० टक्के. टेप, खडू आणि स्टॉपवॉच असलं की उड्यांची चाचणी शाळेच्या पटांगणावर होते. एक सावधगिरी मात्र हवी. सहा महिने बसून राहिल्यानं धड पायही रोडावतो. त्याच्याशी तुलना केली की दुखावलेला पाय आहे त्याहून बरा दिसतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच धड पायाचं मोजमाप लिहून ठेवावं. आणि चाचणी उत्तीर्ण झाली तरी नऊ महिने पुरे होऊ द्यावेत. दोन्ही अटी एकत्र.

मुलांसमोर उदाहरणं कुणाची असतात? अमेरिकन फुटबॉलमधला एड्रियन पीटरसन. डिसेंबर २०११च्या अखेरीस त्याचा एसीएल फाटला, पुढच्या सप्टेंबरात तो मैदानावर होता आणि त्या हंगामात विक्रमाच्या उंबरठ्यापर्यंत धावला. ही गोष्ट जगभर सांगितली जाते. बर्फावरची शर्यतपटू लिंडसे वॉन हिची गोष्ट तितकी सांगितली जात नाही. फेब्रुवारी २०१३मध्ये तिचा गुडघा मोडला, त्याच वर्षी नोव्हेंबरात सराव करताना नव्यानं बांधलेला एसीएल पुन्हा दुखावला आणि २०१४चं सोची ऑलिंपिक हुकलं. दोघांकडेही जगातले उत्तम डॉक्टर होते. आपल्या मुलांना मी ऋषभ पंतचं उदाहरण देतो. डिसेंबर २०२२च्या अखेरीस मोटारीचा अपघात, जानेवारीत मुंबईत गुडघ्याच्या अस्थिबंधांवर शस्त्रक्रिया, आणि पहिला स्पर्धात्मक सामना मार्च २०२४मध्ये. जवळपास पंधरा महिने. दरम्यान एक अख्खं आयपीएल आणि भारतात झालेला विश्वचषक त्यानं सोडला.

इथे कुणी म्हणेल, पंतला थांबणं परवडतं. ही तक्रार रास्त आहे आणि तिला बगल देऊन पुढे जाणं अप्रामाणिक ठरेल. गावातल्या मुलाची घाई म्हणजे पोरकट हट्ट नसतो. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेचं एक प्रमाणपत्र म्हणजे अख्ख्या घराची आशा. वयोगट निघून चाललेला असतो. नऊ महिने म्हणजे पुरा एक हंगाम. शिवाय विमा रुग्णालयातल्या खर्चाला हातभार लावतो, पण पुढचे सात-आठ महिने फिजिओथेरपीसाठी तालुक्याच्या गावी जाण्याचा खर्च बहुधा घरच्यांच्या खिशातून होतो. पहिले सहा आठवडे मुलगा नियमानं जातो, मग आठवड्यातून एकदा, मग मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून घरीच. अशा घराला केवळ 'धीर धरा' असं सांगणं सोपं आहे. त्यांना हिशेब मांडून दाखवला पाहिजे. एक हंगाम वाचवायला गेलं आणि ग्राफ्ट गेला, तर दोन-तीन हंगाम जातात. दुसऱ्या शस्त्रक्रियेत जुने बोगदे रुंदावलेले असतात, कधी आधी त्यांत हाड भरून काही महिने थांबावं लागतं, उत्तम दोऱ्या वापरून झालेल्या असतात, कूर्चा झिजलेली असते. दुसऱ्यांदा केलेल्या पुनर्रचनेचे निकाल पहिलीच्या तोडीचे येत नाहीत, हे जगभरचं निरीक्षण आहे.

आणि प्रत्येक फाटलेल्या एसीएलला शस्त्रक्रिया हवीच असंही नाही. स्वीडनमधल्या 'कानोन' अभ्यासात १२१ तरुण होते. निम्म्यांवर लवकर शस्त्रक्रिया झाली, निम्म्यांना आधी व्यायाम आणि गरज भासली तरच शस्त्रक्रिया. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांची अवस्था सारखीच होती, आणि दुसऱ्या गटातल्या निम्म्याहून अधिकांना शस्त्रक्रियेची गरजच पडली नव्हती. जे काम दिशा बदलायला लावत नाही असं काम करणाऱ्यानं, ज्याचा गुडघा रोजच्या व्यवहारात निसटत नाही त्यानं, आधी स्नायू बळकट करून पाहावेत. जी पहिली शस्त्रक्रिया झालीच नाही, तिची दुसरी होत नाही.

मग आपण करायचं काय? क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे, की सरावाआधीची वीस मिनिटं 'फिफा ११+'सारख्या व्यायामक्रमाला द्या. उडी मारून उतरताना गुडघा आत न झुकू देणं, मांडीमागचे स्नायू बळकट करणं, तोल सांभाळणं. असे व्यायामक्रम पहिली दुखापतही रोखतात, आणि शस्त्रक्रिया झालेल्या मुलाचा दुसरा गुडघाही सांभाळतात. पालकांना सांगेन, की सर्जनना शस्त्रक्रियेपूर्वी 'खर्च किती?' याच्या जोडीला 'नवव्या महिन्यात चाचणी कोण घेणार?' हेही विचारा. उत्तर मिळालं नाही तर शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नका. आणि आम्हा सर्जन मंडळींना: टाके काढल्यावर रुग्णाला फिजिओच्या हवाली करून मोकळं होता येणार नाही. नवव्या महिन्यातली भेट ही शस्त्रक्रियेचाच भाग मानून तिची तारीख घरी पाठवतानाच्या कागदावर लिहिली गेली पाहिजे.

उरले स्पर्धांचे आयोजक. वयोगटाच्या कबड्डी स्पर्धेत तुम्ही मुलाचा जन्मदाखला पाहता, त्याचं वजन करता. दोन्ही बाबतींत काटेकोर असता, आणि ते योग्यच आहे. त्या टेबलावर आणखी एक प्रश्न ठेवा: गेल्या दोन वर्षांत गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे का? झाली असेल, तर चाचणी उत्तीर्ण झाल्याचा डॉक्टरांचा किंवा फिजिओचा कागद दाखवा, मगच मॅटवर उतरा. आणि ज्या मुलाला या नियमामुळे एक हंगाम बसावं लागेल, त्याला वयोगटात एका वर्षाची सवलत देता येईल का, याचा विचार जिल्हा आणि राज्य संघटनांनी करावा. तसं झालं तर मुलाला थांबणं परवडेल. कागदाचा नियम उद्याच्या स्पर्धेपासून सुरू करता येतो. त्याला ना यंत्र लागतं, ना अनुदान. या सभागृहात आयोजक मंडळी बसलेली मला दिसत आहेत, म्हणूनच हे इथे बोललो.